पलीकडची बाजू

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासूबाईंनी आम्हा सगळ्यांना गाडीत घातलं आणि माळावरच्या त्या अश्मयुगातल्या उभ्या दगडापाशी नेलं.

"अलीकडून नवऱ्यानं पोट घासलं, की मुलगा होतो," त्या मला म्हणाल्या. "पलीकडून बायकोनं घासलं, की घरात तिचंच चालतं. फ्रान्सच्या या कोपऱ्यात, आमच्या ब्रिटनीत, सगळ्या घासून गेल्यात."

"खुळचटपणा नुसता!" सासरे म्हणाले.

"इफिग, तू गप्प बस. आणि सायडर पुरे झाली."

सासऱ्यांनी सफरचंदाच्या त्या दारूचा ग्लास मुकाट्यानं खाली ठेवला.

जेवून सगळे गवतावर पेंगायला लागले, तशी मी हळूच उठून दगडाच्या पलीकडे गेले. तिथे सासरे सदरा वर करून, डोळे मिटून पोट घासत होते.

"आधी माझं होऊ दे गं," ते कुजबुजले. "तुला काय, अख्खं आयुष्य पडलंय."