शेवटच्या दृश्यातलं मौन

‘शेवटच्या दृश्यातलं मौन अंगावर येतं.’ पाच तारे. वर्षातल्या सर्वोत्तम अमेरिकन सिनेमांच्या यादीत समीक्षक हर्डीकरांनी या सिनेमाला पहिला क्रमांक दिला होता.

वर्तमानपत्राचं रविवारचं पान लावणारी शाल्मली थबकली. “सर, हा पाहिलात कुठं? हा तर पुढच्या मार्चमध्ये येणार आहे. अमेरिकेतसुद्धा.”

हर्डीकरांचा चहा ओठांशीच राहिला. पान छापलं असतं, तर तीस वर्षांच्या नावाचं हसं झालं असतं.

“अगं, सिनेमाचं नाव तेवढं बदल. तू कुठला पाहिलास यंदा?”

“कुत्र्याचा. भाच्यांबरोबर. शेवटी दहा मिनिटं नुसता भुंकतो.”

“तोच टाक. मजकूर राहू दे.”

रविवारी दुपारपर्यंत अकरा वाचकांचे फोन आले. सगळ्यांनी सिनेमा पाहिला होता म्हणे, आणि ते मौन प्रत्येकाच्या अंगावर आलं होतं.