यंत्र क्रमांक सत्तेचाळीस

पाच वाजून दोन मिनिटांनी गादीवाल्याने यंत्राला कायमचं काढून टाकलं आणि पाच वाजून तीन मिनिटांनी तो मटकन खाली बसला. पण हे झालंच नाही असं समजू. आत्ता चार वाजलेत, यंत्र कामावर आहे आणि गादीवाला काउंटरमागे उभा राहून स्क्रीनकडे टक लावून बघतोय.

कंपनी त्याला 'स्वयंचलित सोशल मीडिया सहायक' म्हणे. दुकानात सगळे यंत्रच म्हणत. स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहिलेलं असे: आपल्या सेवेत, यंत्र क्रमांक ४७. ते रोज गाद्यांचे फोटो टाकी, खाली चार ओळी लिही आणि गिऱ्हाइकांना उत्तरं देई. तीन महिन्यांची मुदत आज संपत होती. वर्षाचे पैसे भरायचे की यंत्राला नारळ द्यायचा, हे आज ठरवायचं होतं.

"काय ठरलं मग?" बायकोने उशीत कापूस कोंबत विचारलं.

"वसतिगृहाची ऑर्डर आली तर ठेवू. नाहीतर पांढरा हत्ती पोसायची आपली ऐपत नाही."

वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंना ऐंशी गाद्या हव्या होत्या. चार दिवस त्या यंत्राशी बोलत होत्या आणि आज पाचपर्यंत काय ते सांगणार होत्या. ऑर्डर आली की आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन, हे गादीवाल्याने मनाशी पक्कं केलं होतं. नाही आली, की तेही पुढच्या वर्षावर.

आत्या म्हणजे निवृत्त शिक्षिका. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. तरी दिवसभर दुकानाच्या कोपऱ्यात, नमुन्याच्या गादीवर, फोन नाकाला लावून बसलेली.

यंत्राचं काम तसं वाईट नव्हतं. दुपारी दोन ते साडेतीन मात्र ते ढिम्म हलत नसे. कंपनी त्याला देखभालीची वेळ म्हणे. एका गिऱ्हाइकाला त्याने 'आधी वर लिहिलेलं नीट वाचा, मग विचारा' असं सुनावलं होतं, आणि तो माणूस निमूट दोन गाद्या घेऊन गेला होता. गेल्या आठवड्यापासून ते कापसाच्या जागी कापूर लिहू लागलं होतं.

"थकलं असेल," बायको म्हणाली.

"यंत्र कसलं थकतंय."

सव्वाचार. वॉर्डनबाई गप्प, यंत्र गप्प. गादीवाल्याला राग काढायला कुणीतरी हवंच होतं.

"आत्या, डॉक्टर काय म्हणाले? ठेव तो फोन."

"पाच मिनिटं थांब रे. महत्त्वाचं आहे."

"तुझं कसलं महत्त्वाचं?"

"असतं एकेकाचं."

त्याने फोन काढून घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला, किल्ली खिशात. "डोळे गेले की मग बस खेळत."

"कधी देशील?"

"पाचनंतर."

"पाचनंतर नको मग," आत्या म्हणाली आणि भिंतीकडे बघत बसली.

साडेचारला वॉर्डनबाईंचा प्रश्न आला: शिवणीची हमी किती वर्षांची?

ड्रॉवरमध्ये आत्याचा फोन थरथरला. "तुझ्या मैत्रिणींना दम नाही," म्हणत गादीवाल्याने ड्रॉवर गुडघ्याने दाबून धरला.

यंत्र उत्तर देईना. पावणेपाच झाले. पुन्हा वॉर्डनबाई: दुकान चालू आहे ना? ड्रॉवर पुन्हा थरथरला.

"तुम्हीच लिहा की," बायको म्हणाली.

"खातं कंपनीच्या ताब्यात. मालकाने मध्ये बोलायचं नाही, अशी अट आहे. बाईंचा नंबरसुद्धा ऑर्डर झाल्यावरच दिसतो."

त्याने कंपनीला फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, आमची यंत्रं कधीही सुट्टी घेत नाहीत. मग संगीत लागलं.

"काय विचारतेय ती?" आत्याने विचारलं.

"शिवणीची हमी."

"पाच वर्षं. उसवली तर तिथे येऊन शिवून देऊ, म्हणावं."

"मी म्हणून काय उपयोग? यंत्राने म्हणायला हवं."

"मग माझा फोन दे."

"आत्या, आत्ता गंमत नको."

आत्या उठली, ड्रॉवरपर्यंत आली आणि परत गादीवर जाऊन बसली.

पाचला एक मिनिट कमी असताना वॉर्डनबाईंनी दोनच शब्द लिहिले: राहू द्या.

आणखी तीन मिनिटं वाट पाहून गादीवाल्याने 'कायमचं काढा' दाबलं. कारण विचारलं होतं, तिथे त्याने लिहिलं: कामचुकार.

ड्रॉवर थरथरला.

"घे बाई तुझं खेळणं," म्हणत त्याने फोन बाहेर काढला. आत्या फोनला कुलूप लावत नसे. पडद्यावर कंपनीचा निरोप होता: 'आपली सेवा आजपासून समाप्त. दुकानदाराला कळल्यास मानधन मिळणार नाही, ही अट कायम आहे.' त्याच्यावर आत्याने सकाळी पाठवलेला एक अर्ज होता. तो कुणी उघडलेला नव्हता.

'मा. व्यवस्थापक, स्वयंचलित विभाग यांस,
विषय: दोन दिवसांची रजा मिळणेबाबत.
महोदय, आपण देत असलेल्या मानधनातून मी सोमवारी उजव्या डोळ्याचे ऑपरेशन ठरवले आहे. भाच्याला त्याचा भार नको. तरी सोमवार व मंगळवार यंत्र बंद ठेवण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.
आपले विश्वासू,
यंत्र क्रमांक ४७.'