पालथा ॲक्सल

बाबांचं तेरावं उरकताच दादानं त्यांची ॲक्सल मोडलेली जीप भंगारात काढली. तिच्यावरच गाडी शिकलेली कमलिनी भडकली. “बाबांचं सरकारी क्वार्टर सोडायच्या आत चालवून दाखव, जीप तुझी,” दादा हसला. तिनं गोविंदपुऱ्यातल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून दुसऱ्याच गाडीचा ॲक्सल आणून अंगणात स्वतः बसवला. इंजिनाकडून येणारा दांडा जिथं जोडायचा, तो त्याचा गिअरचा गोळा भलत्या बाजूला येत होता, म्हणून ॲक्सलच पालथा करून जुळवला. शेवटच्या दिवशी भंगारवाला फाटकात दोर घेऊन उभा. तिनं पहिला गिअर टाकला आणि जीप मागं जाऊन भिंतीवर आदळली. “ये तो उलटी चली!” भंगारवाला खिदळला. “उतर खाली, इंजिनीयरबाई,” दादा म्हणाला. पालथ्या ॲक्सलनं चाकंही उलटी फिरतात, हे तिला आत्ता उमगलं. दातओठ खात तिनं रिव्हर्स टाकला. जीप पुढं, दादाच्या अंगावर निघाली. “सरक, दादा! चालली ना? गिअरचं माझं मी बघेन!”