परातीचं बेसिन

वाल्मीकने नळ सोडला. पाणी पितळी परातीत गरगरत मधल्या भोकात गेलं आणि नळीवाटे मोरीच्या कोपऱ्यात पडलं. खाली एक थेंब गळला नाही. भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटवर त्याने दोन्ही हातांनी भार देऊन पाहिला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो फिटर होता, मोठमोठे पाइप जोडायचा. पण इतका खूश तिथे कधी झाला नव्हता.

"आई, ये. बेसिन झालं. आता उभ्याउभ्या तोंड धू."

झुंबरबाई भिंतीला धरत आल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना मोरीत बसता येत नव्हतं. सून सिंधू त्यांना स्टुलावर बसवायची, हनुवटीखाली घमेलं धरायची, ओंजळीने पाणी लावायची. सून गुणाची, पण आपलं तोंड दुसऱ्याने धुवावं याची झुंबरबाईंना मनातून फार लाज वाटायची. त्यासाठीच तर वाल्मीकने सुट्टीचा दिवस कारणी लावला होता.

झुंबरबाई बेसिनपाशी येऊन थबकल्या. "ही माझी परात ना रे?"

"हो. स्टीलची आणल्यापासून माळ्यावरच पडली होती. मापात अगदी बरोबर बसली."

"हिच्यात भाकरी थापल्या मी तुम्हा भावंडांच्या. अन् आता हिच्यात थुंकू? अन्नाचं भांडं हाय ते. मला नाय जमायचं."

वाल्मीकचा चेहरा उतरला. भोकाचं माप, उंचीचं माप, सगळं त्याने घेतलं होतं. हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. "आता तर भोक पाडलंय, आई," तो पुटपुटला.

दारात उभी असलेली सिंधू पदराआड हसली. "आत्याबाई, मागं डाळीचं पातेलं गळायला लागलं, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, भोक पडलेलं भांडं चुलीपाशी ठेवायचं नाय म्हणून? त्यात आपण कोरफड लावली."

"मग?"

"मग हिला तर ह्यांनी केवढं भोक पाडलंय. आता ती परात कुठं राहिली?"

झुंबरबाईंनी भोकाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. आपलाच नियम आपल्यावर उलटलेला पाहून त्यांनाही हसू फुटलं.

"लय शहाणी झालीस. बाहेर व्हा दोघं."

दोघं बाहेर आले. आतून कडी लागली. मोरीचं दार त्यांनी स्वतः लावून घेतल्याला किती दिवस झाले होते, कोणास ठाऊक. मग नळ सुरू झाला. थोडा वेळ नुसतंच पाणी वाहिलं आणि मग एक खळखळून चूळ ऐकू आली, मागोमाग दुसरी. वाल्मीक बायकोकडे बघून हसला.

एवढ्यात आत काहीतरी धप्पकन पडलं. सवयीने सिंधू दाराकडे धावली. "साबण पडला का, आत्याबाई? येऊ मी?"

"नको येऊ," आतून फेसाळलेला आवाज आला. "बेसिनमधीच पडलाय. घेते माझा मी."