पत्र्याच्या अल्याड-पल्याड

"दादाला सांगा, नट धरलाय म्हणून," ट्रकच्या केबिनमधून आकारामचा आवाज आला.

मीनाबाईनं बॉनेटकडं वळून नवऱ्याला सांगितलं, "धरलाय म्हणत्यात भावजी."

"मग नीट धर म्हणावं त्याला. बोल्टासंगं नटबी फिरतोय."

दोघं भाऊ एकाच ट्रकमध्ये हात घालून बसले होते. केरबा बाहेरून, बॉनेटखाली वाकून. आकाराम आतून, डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा. मधे फक्त इंजिन आणि केबिनमधला लोखंडी पत्रा. तरीही प्रत्येक शब्द मीनाबाईच्या तोंडून फिरून जात होता. दिवाळीपासून दोघांचं बोलणं बंद होतं, आणि आता चैत्र निम्मा सरला होता.

ऊसतोडीच्या ऐन धांदलीत आकाराम न विचारता ट्रक घेऊन सासुरवाडीच्या जत्रेला गेला होता. इकडं तोडलेला ऊस फडात वाळत पडला. केरबा एसटीनं तिथं पोचला आणि भर मांडवात, सासऱ्यादेखत ओरडला, "तू मालक न्हाईस, क्लीनर हाईस!" आकारामनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. कोडोलीला परत आल्यावर त्यानं चूल वेगळी मांडली. पुढं मीनाबाईकडून निरोप धाडला, गाडी विका आणि माझा वाटा द्या.

गिऱ्हाईक मिळालं राधानगरीचं. हंबीरराव. त्यांना दुधाच्या वाहतुकीला गाडी हवी होती. तिकडच्या पावसात काच आतून धुरकटते आणि पुढचा रस्ता दिसत नाही. हा ट्रक एकाहत्तरच्या लढाईनंतर मिलिटरीच्या लिलावात घेतलेला. थंडीच्या मुलखात फिरलेला, म्हणून त्याच्या केबिनमध्ये हीटर होता. कोडोलीत त्या हीटरला कुणी विचारत नव्हतं. हंबीररावांचं मात्र सगळं लक्ष त्याच्यावरच.

"काचेवर गरम हवा आली पायजे," ते म्हणाले होते. "हीटर चालला तर गाडी माझी. न्हायतर राम राम."

हीटरचा छोटा रेडिएटर फुटला होता. त्यातून कढत पाणी ड्रायव्हरच्या पायावर ठिबकायचं. केरबानं कोल्हापूरच्या जुन्या बाजारातून तसाच दुसरा शोधून आणला. पण हीटरच्या पेटीचे बोल्ट पत्र्याच्या बाहेर आणि नट आत. एका माणसाचे दोन हात तिथं पुरत नव्हते.

एवढ्यात चुलीवरून करपल्याचा वास आला.

"माझी भाकरी गेली बगा!" मीनाबाई ओरडली. "तुमचं तुम्ही बोला, न्हायतर मुके ऱ्हावा." ती तरातरा आत गेली.

केरबानं पान्यानं पत्र्यावर टकटक केलं. आतून टकटक आली. तशाच खुणांवर बाकीचे बोल्ट निघाले. शेवटचा तेवढा गंजून बसला होता. केरबानं दात आवळून जोर लावला. बोल्ट सुटला, पेटी धाडकन खाली आली आणि आत साचलेलं गंजकं पाणी भडाभड आकारामच्या तोंडावर पडलं. घुसमटल्यासारखा एक आवाज आला. मग काहीच नाही.

"आक्या! डोळ्यात गेलं काय रं?"

केरबा पाना टाकून धावला. दार उघडून त्यानं भावाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि खांद्यावरच्या टॉवेलानं त्याचे डोळे पुसू लागला. "उघड. उघड बगू. दिसतंय काय?"

आकारामनं एक डोळा उघडला. भुवईवरून तांबडं पाणी ओघळत होतं.

"दिसतंय की," तो म्हणाला. "तूच दिसतोयस. लई म्हातारा झालायस, दादा."

केरबाला आधी हुंदका आला, मग हसू. आकारामही हसायला लागला. मीनाबाई पिठाच्या हातांनी दारात आली, त्या दोघांकडं बघितलं आणि मागं फिरली. तिनं डब्यातून आणखी पीठ काढलं.

नवा रेडिएटर बसवताना पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी नुसता कालवा चालला होता. "वर घे." "आणि जरा." "आरं डावीकडं, डावीकडं!" नळ्या जोडल्या, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. हवा नीट येते का बघायला दोघं केबिनमध्ये बसले आणि काचा वर केल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. आत भट्टी पेटली.

हवा चांगली येत होती. ते लगेच कळलं. पण दाराला कुणी हात लावला नाही.

"त्या दिवशी मी नको ते बोललो," समोरच्या काचेकडं बघत केरबा म्हणाला.

"मीबी सांगून जायला पायजे हुतं."

मग केरबानं विचारलं, "जत्रंत शेवटची कुस्ती कुणी मारली रं?"

आकाराम एकदम सरसावून बसला. डाव कसा पडला ते दाखवायला त्यानं थोरल्या भावाची मान बगलेत धरली, त्याचं कोपर हॉर्नवर पडलं आणि आख्खी गल्ली दणाणली. दोघं पोट धरून हसत असतानाच कुणीतरी काचेवर टिचकी मारली. बाहेर हंबीरराव उभे होते.

केरबानं दार उघडलं. गरम हवेचा झोत पाहुण्यांच्या तोंडावर आला.

"राम राम. घामानं निथळताय की!" हंबीरराव खुशीत म्हणाले. "म्हंजे हीटर चालतोय न्हवं?"

केरबानं धाकट्याकडं पाहिलं. गाडी विकायची त्याला होती. उत्तरही त्यानंच द्यायचं होतं.

आकारामनं कपाळावरचा घाम निपटून झटकला.

"न्हाय ओ पावणं," तो म्हणाला. "काय केल्या चालंना बगा."