टेलिफोनचा रकाना

मिनियापोलिसच्या आमच्या ऑफिसात आम्ही धर्मादाय संस्थांचे हिशेब तपासतो आणि त्यांना तारे देतो. ते तारे बघून लोक देणगी देतात. डुलुथच्या एका छोट्या संस्थेला मी दोनच तारे दिले, कारण तिचा निम्मा खर्च टेलिफोनवर होता आणि आमच्या तक्त्यात टेलिफोन म्हणजे ऑफिसखर्च; तो जास्त, तर तारे कमी.

संस्थेच्या अर्डिसबाई फोनवर कळवळून म्हणाल्या, "अहो, एकट्या म्हाताऱ्यांना रोज सकाळी फोन करणं हेच तर आमचं काम आहे!"

"बाई, तसा रकानाच नाही. त्यापेक्षा कार्डं पाठवा. टपाल आम्ही सेवेत धरतो," मी म्हणालो, आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झालो.

पुढच्या वर्षी त्यांचा टेलिफोनचा खर्च शून्यावर आला. मी पाचही तारे देऊन टाकले.

जानेवारीत डुलुथला एकटी राहणारी माझी आई बाथरूममध्ये पडली. पत्रपेटीतलं टपाल तसंच दिसलं म्हणून टपालवाल्याने पोलिसांना कळवलं, तोवर दोन दिवस झाले होते.

इस्पितळात मी तिला विचारलं, "अगं, तुझी चौकशी करणारं कुणीच नव्हतं?"

"होती की एक पोरगी. रोज आठला फोन करायची. मी उचलला नाही तर धावत यायची. हल्ली नुसती कार्डं येतात."

तिने माझा हात थोपटला.



"देणगी मात्र चालू ठेवलीय बरं का मी. तुमच्याच ऑफिसने पाच तारे दिलेत ना त्यांना!"