बाहेरूनच मागवूया

"आज काय मागवू?" मोबाइलवर बोट फिरवत सुनेने विचारलं.

"तुला हवं ते," सासूबाई म्हणाल्या.

साथ सरली, हॉटेलं उघडली, मास्क कपाटात गेले. या घरातलं अ‍ॅपवरचं जेवण मात्र थांबलं नाही. "ऑफिसातून आल्यावर अंगात जीव राहत नाही हो," असं सून सांगायची आणि नवरा मान डोलवायचा.

खरं कारण तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. साथीच्या तापात तिची वासाची आणि चवीची जाणीव गेली, ती परत आलीच नाही. तिखट-मिठाचा अंदाजच उरला नव्हता. आणि सासूबाई निवृत्त होईपर्यंत एका मोठ्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळत होत्या. त्यांच्यापुढे कोणत्या तोंडाने सांगायचं?

जेवण आलं की त्या पहिला घास तिलाच घ्यायला लावत. "कसं झालंय, सांग बघू."

दर वेळी ती घास पटकन गिळायची. "छान आहे, आई."

"हं. मग वाढ."

त्या दिवशी डिलिव्हरीवाल्यांनी संप केला. अ‍ॅप ऑर्डर घेईना. नवरा पाव आणायला खाली गेला. सुनेने देवाचं नाव घेऊन भाजी फोडणीला टाकली, मीठ चिमटीने घातलं आणि झाकण ठेवलं. सासूबाई ओट्याला टेकून काकडी चिरत बसल्या. माहेरच्या कुणाच्या तरी लग्नाच्या गप्पा निघाल्या. कितीतरी दिवसांनी दोघी खळखळून हसल्या.

दार धाडकन उघडलं.

"अगं, जळतंय! जिन्यापर्यंत वास येतोय!" नवऱ्याने धावत येऊन गॅस बंद केला. झाकण उचललं तर भाजीचा पार कोळसा झाला होता. "शेगडीपाशीच आहात ना दोघी? लक्ष कुठे होतं?"

तो खिडक्या उघडायला बाहेर पळाला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सुनेने डोळ्याला पदर लावला. "आई, मला वासच येत नाही. चवही नाही, त्या तापापासून. म्हणून मागवत होते. तुम्हाला सांगायची भीती वाटायची."

बोलून टाकलं आणि छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. ती बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली.

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. तिचा हात घट्ट धरला आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

"तुलाही?"